चार चौकटींची वाट

वाचकहो, पस्तिशी उलटलेला, बी. ए. झालेला, दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरावर लाल शाई चालवून प्रपंच करणारा एक गृहस्थ रोज सकाळी मेट्रोत उभा राहून चित्रांच्या गोष्टी वाचतो आणि मधूनच एकटा हसतो, असे कुणी सांगितले तर आपण काय म्हणाल? हा गृहस्थ कोणी परका नाही, प्रस्तुत लेखकच आहे. वैशालीहून मंडी हाऊसपर्यंतच्या प्रवासात शेजारचे लोक भावबाजार पाहतात, गाणी ऐकतात, डुलक्या घेतात; मी वेबकॉमिक वाचतो. आंतरजालावर क्रमाक्रमाने प्रसिद्ध होणाऱ्या चित्रमालिकांना हे नाव आहे.

हा नाद मला लागला तो योगायोगाने. दिल्लीत नोकरीला लागलो तेव्हा मित्र थोडे होते आणि संध्याकाळी लांबच लांब. एका सहकाऱ्याने ‘एक्सकेसीडी’ नावाची मालिका दाखविली. रँडल मन्रो या अमेरिकन चित्रकाराने ती २००५ साली सुरू केली. त्या सुमारास तो नासासाठी यंत्रमानवांवर काम करीत असे. त्याची माणसे म्हणजे नुसत्या काड्या. नाक नाही, डोळे नाहीत. पण त्या काड्या गणितावर वाद घालतात, प्रेमात पडतात, रात्री जागून चुकीच्या माणसाला बरोबर गोष्ट पटवीत बसतात. चित्रावर माऊसचा बाण नेला की आणखी एक वाक्य उमटते. ते ज्याला ठाऊक आहे तोच खरा वाचक. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे माझे नवे सणवार झाले.

त्याच मालिकेतील एका चित्राची हकिगत सांगण्याजोगी आहे. मार्च २०१३ मध्ये मन्रोने एकच चौकट प्रसिद्ध केली: समुद्रकाठी दोन माणसे बसलेली. अर्ध्या तासाने पाहावे तो चित्र किंचित बदललेले. पुढे ते तासातासाने बदलू लागले. ती दोघे वाळूचा किल्ला बांधीत होती आणि समुद्र हळूहळू वर येत होता. असे सुमारे ४ महिने चालले आणि एकूण ३,०९९ चित्रे झाली. जगभरचे लोक त्या संथ समुद्राकडे टक लावून बसले होते, आणि वैशालीतल्या एका खोलीत मीही बसलो होतो. पुढच्या वर्षी त्या कृतीला ह्यूगो पारितोषिक मिळाले. मला मात्र आठवते ती त्या वाट पाहण्याची गोडी.

मग एकामागून एक मालिका सापडत गेल्या. आपल्याकडे ‘गार्बेज बिन’मधला गुड्डू भेटला आणि १९९० नंतरच्या दशकातील आपले बालपण, शाळेचा डबा आणि आईचा धाक पुन्हा समोर उभा राहिला. कागदाच्या पानाला कड असते, पडद्याला ती नसते. चित्रकथा वाटेल तितकी लांब सोडता येईल, हा विचार स्कॉट मॅक्लाउड या चित्रकार-अभ्यासकाने २००० सालीच मांडला होता. कोरियातील ‘वेबटून’ तशीच वरून खाली झऱ्यासारखी वाहतात. आपण अंगठा फिरवीत जावे आणि पुढचा प्रसंग खालून वर यावा!

दिल्लीला चित्रांचे हे वेड नवे नाही. माझ्या वाटेपासून जवळच, बहादूरशहा जफर मार्गावर नेहरू हाऊस आहे. तेथील चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट ही संस्था १९५७ साली शंकर पिल्लै यांनी स्थापन केली. ‘शंकर्स वीकली’ हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक काढणारे ते हेच. १९४८ पासून १९७५ पर्यंत ते साप्ताहिक चालले. याच दिल्लीत १९६० साली ‘मिलाप’ दैनिकातून प्राण यांचा ‘डाबू’ अवतरला आणि पुढे त्यांचे चाचा चौधरी घरोघरी पोहोचले. मेट्रोत हसणारा मी, म्हणजे त्याच परंपरेचा एक मुलगा.

एवढ्यावर हा लेख संपला असता. पण एक घटना घडली.

मी एका हिंदी मालिकेचा भक्त होतो. दिल्लीतल्या एका बरसातीत राहणारे दोन तरुण, त्यांचा गळका कूलर आणि भाडे मागायला जिना चढून येणारे घरमालक, एवढेच तिचे विश्व. चित्रकाराने नाव दिले नव्हते. दर रविवारी चार चौकटी येत. अडीच वर्षे मी त्या वाचल्या. एकदा रविवार कोरा गेला, मग दुसरा गेला. महिनाभराने पाहतो तो ते पानच नाहीसे झालेले. अडीच वर्षांचे सगळे रविवार पुसले गेले होते आणि माझ्यापाशी एकही चौकट नव्हती. त्या अनामिकाला मी कधी ‘आवडले’ एवढेही कळविले नव्हते. कदाचित त्याला वाटले असेल, कोणी वाचतच नाही.

त्या रात्री मला अण्णांची वही आठवली.

माझे वडील साताऱ्याला शिक्षक होते. १९९१ साली ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ येऊ लागला, तेव्हा मी लहान होतो. अण्णा रोज संध्याकाळी कात्रीने चिंटू कापीत, खळ लावून जुन्या हजेरीबुकात चिकटवीत आणि खाली बारीक अक्षरात तारीख लिहीत. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू ही मंडळी मला शेजारपाजारच्या माणसांइतकीच जवळची झाली. पुढे मी महाविद्यालयात गेलो, थोरामोठ्यांची पुस्तके वाचू लागलो आणि एकदा अण्णांना म्हणालो, “अण्णा, हे काय पोरकटपणाचे चालविले आहे तुम्ही?” ते काही बोलले नाहीत. कात्री मात्र चालूच राहिली.

गेल्या दिवाळीत साताऱ्याला गेलो, तेव्हा मी त्या वह्या मागून घेतल्या. तीन वह्या. शेवटच्या वहीतली शेवटची तारीख पाहिली. मी दिल्लीला निघालो त्या आठवड्याची होती. “अण्णा, पुढे का नाही चिकटवलेत?” मी विचारले. ते चष्मा पुशीत म्हणाले, “कुणासाठी चिकटवायचे?”

वह्या घेऊन मी परत आलो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. घरी आम्ही मराठी बोलतो, तो उत्तर हिंदीत देतो. मराठी गोष्टींचे पुस्तक पुढे केले की त्याला तहान लागते. मी भाषांतराचा धंदा करणारा माणूस. दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये मराठीत आणतो आणि माझ्याच घरातून मराठी हळूहळू चालली आहे, हे उघड्या डोळ्यांनी पाहतो. यापरते शल्य कोणते?

वही मी मुद्दामच जेवणाच्या टेबलावर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी तो पालथा पडून ती वाचीत होता. देवनागरी त्याला शाळेतल्या हिंदीमुळे येते. अडे तो ‘ळ’पाशी. ‘बगळ्या’चा ‘बगल्या’ होत होता. एका चित्रातला विनोद मराठी शब्दावर बेतलेला होता. तो समजावून सांगण्यासाठी मी सवयीने पुढे सरसावलो, तोच तो खो खो हसला. मी तोंड मिटले. दोन चौकटींच्या मधली मोकळी जागा वाचकाने स्वतः ओलांडायची असते; तेथे दुभाष्याचे काम नसते. इतकी वर्षे भाषांतर करूनही हे मला त्या दिवशी कळले.

वाचकहो, हा लेख वाचून आपण वेबकॉमिकच्या मागे लागावे असा माझा आग्रह नाही. पण आपल्या घरी कोणी लागले असेल, तर त्याला हसू नका. जे आवडते त्याची एखादी प्रत ठेवा, खाली चित्रकाराचे नाव आणि तारीख लिहा, आणि त्याला दोन ओळींनी कळवा. पडद्यावरचे चित्र पुसले जायला क्षण पुरतो. लिहायला हात थांबला तर मागे काही उरत नाही.

आमच्याकडे आता दर रविवारी मुलगा स्वतः चार चौकटी काढतो. विषय बहुधा आमच्या सोसायटीतली माकडे असतात. खाली मराठीत एखादे वाक्य असते, ‘ळ’ अजून पुष्कळदा चुकतो. ते कागद लिफाफ्यात घालून साताऱ्याला जातात. परवा अण्णांचा फोन आला. चौथी वही आणली आहे, म्हणाले. पण या आठवड्याचे चित्र अजून आले नाही, ते कुठे राहिले?