अळंबीची ओळख मातीखाली

घोटीच्या परिसरात मृगाचा पाऊस मुरला, भातखाचरांत आवणीची लगबग सुरू झाली आणि ढग कळसूबाईच्या अंगावर उतरू लागले, की बांधावरच्या व रानातल्या जुन्या वारुळांभोवती पांढऱ्या अळंबीचे ताटवे उगवतात. महादेव कोळी आणि ठाकूर कुटुंबांच्या पावसाळी जेवणात त्यांचे मानाचे स्थान आहे.

ही अळंबी म्हणजे वाळवीचे पीक होय. वाळवी वाळका पालापाचोळा व लाकूड जमिनीखाली नेते आणि त्याच्या जाळीदार पोळ्यावर ‘टर्मिटोमायसिस’ या प्रजातीची बुरशी वाढवते, कारण लाकडातले कठीण घटक फोडून अन्न सुपाच्य करण्याचे काम ही बुरशीच करते. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हेम यांनी १९४२ मध्ये या प्रजातीला नाव दिले. ही शेती मात्र सुमारे ३ कोटी वर्षांची जुनी आहे.

म्हणूनच या अळंबीची खरी ओळख छत्रीत नव्हे, तर मातीखाली असते. देठालगतची माती अलगद उकरली, तर मुळासारखा लांब, निमुळता होत जाणारा भाग थेट वारुळातल्या पोळ्यापर्यंत गेलेला दिसतो. छत्रीच्या मध्यावरचे टणक टोक माती भेदून वर येण्यासाठीच घडलेले असते. याउलट ‘अमॅनिटा’ प्रजातीतल्या अनेक छत्र्यांच्या बुडाशी पातळ पडद्याची वाटी असते, आणि याच प्रजातीत जगातल्या सर्वांत घातक अळंब्या मोडतात. देठ जमिनीच्या वर कापला, की मूळ आणि वाटी हे दोन्ही पुरावे मातीतच राहतात. दुसरी खूण बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या सूक्ष्म बीजांची: छत्री रात्रभर कागदावर पालथी ठेवली, तर वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी उमटतो, तर गवतात उगवणाऱ्या आणि पोट बिघडवणाऱ्या ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’चा हिरवट.

चांदी किंवा लसूण काळी पडली तर अळंबी विषारी, किडीने खाल्ली तर निर्धोक, या समजुतींना काहीही आधार नाही. घातक अमॅनिटांमधले अमाटॉक्सिन शिजवल्याने नष्ट होत नाही; उलट्या-जुलाब बहुधा ६ ते २४ तासांनी सुरू होतात, मग काही काळ बरे वाटते आणि त्याच काळात यकृत निकामी होत जाते.

रानातल्या जाणत्या बाईची नजर छत्रीबरोबरच जागा, नक्षत्र आणि वारूळ पाहते, आणि ते ज्ञान शेजारी उभे राहूनच शिकता येते. या अळंबीचे व्यावसायिक पीक घेणे माणसाला अद्याप साधलेले नाही. नव्या वारुळांतल्या वाळवीलाही या बुरशीचे बियाणे बहुधा उमललेल्या छत्र्यांच्या बीजाणूंतूनच मिळते. तेव्हा वारूळ फोडू नये, काही छत्र्या पुऱ्या उमलू द्याव्यात, आणि जाणत्या माणसाने बुडापासून तपासून ओळखलेली नसेल अशी एकही अळंबी खाऊ नये.