मुळाच्या टोकाशी

किडलेल्या दाढेत जे सिमेंट भरतात ते तोंडात उघड्यावर असतं. जिभेला लागतं, आरशात दिसतं, झिजलं तर बदलता येतं. रूट कॅनालमध्ये भरलेल्या द्रव्याचं तसं नाही. नस काढून रिकाम्या झालेल्या मुळात ते वरपासून खालपर्यंत बसवायचं असतं, आणि मुळाच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं. छिद्राच्या पलीकडे हाड, रक्तवाहिन्या आणि दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू. वर कॅप बसली की ते द्रव्य पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही. पुढची कित्येक वर्षं एक्सरेतली एक पांढरी रेघ, एवढंच त्याचं दर्शन.

मी रूट कॅनाल करते आणि दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हीच द्रव्यं जिवंत पेशींवर तपासते. पेशंट खुर्चीवर बसल्यावर विचारतात, ‘डॉक्टर, आत जे भरता ते बाधणार नाही ना?’ प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं हो-नाहीतलं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. किती प्रमाणात, मिसळल्यावर किती वेळाने, कुठल्या पेशींना, किती दिवस, एवढं ठरवून विचारलं तरच पेशी उत्तर देतात. ते ठरवण्यात हयगय झाली, तर मशीनने दिलेला आकडा कितीही नेमका असला तरी निरुपयोगी ठरतो.

मुळात मुख्य भर असते ती गट्टापर्चाची. मलायाकडच्या झाडांच्या चिकापासून मिळणारं हे द्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दंतवैद्यकात आहे. आजच्या गट्टापर्चा पॉइंटमध्ये मूळ चीक साधारण पाचवा हिस्साच असतो. बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड, आणि एक्सरेत दिसावं म्हणून घातलेले धातूंचे क्षार. गट्टापर्चा शरीराला फारसा त्रास देत नाही. खरी तपासणी असते ती सीलरची. पॉइंट आणि मुळाची भिंत यांच्यातली फट सीलर बुजवतो. आत जाताना तो ओला असतो आणि आतच घट्ट होतो. त्यामुळे त्याची सगळी रासायनिक उलथापालथ शरीरातच चालते. घट्ट झाल्यावरही तो थोडाफार विरघळतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार वजनाच्या 3 टक्क्यांपर्यंत विरघळणं चालतं. विरघळलेलं कुठेतरी जाणार, आणि मुळाच्या टोकापाशी जायला ऊतींखेरीज दुसरी जागा नाही.

झिंक ऑक्साइड-युजेनॉलचा सीलर काचेच्या स्लॅबवर घोटताना खोलीभर लवंगेचा वास सुटतो. स्पॅच्युला उचलल्यावर इंचभर तार न तुटता निघाली की मिश्रण जमलं. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दातदुखीवर लवंगेचं तेल लावणं आपल्याकडे घरोघरी चालतं, आणि तेच युजेनॉल जास्त प्रमाणात थेट पेशींवर पडलं तर त्या मरतात. इपॉक्सी रेझिनच्या जुन्या सीलरमधून घट्ट होताना फॉर्मल्डिहाइड सुटायचं आणि पुढे ते कमी होत जायचं. विसाव्या शतकाच्या मध्यात अँजेलो सार्जेंटी या स्विस दंतवैद्याने ‘एन-टू’ नावाची पेस्ट लोकप्रिय केली. तिच्यात मुद्दामच पॅराफॉर्मल्डिहाइड घातलेलं होतं. जंतू मरावेत आणि उरलेली ऊती स्थिर व्हावी, हा हेतू. पण ती टोकाबाहेर गेली की हाड आणि नस दोन्ही जाळायची. काही पेशंटचे ओठ कायमचे बधिर झाले. अमेरिकन एंडोडॉन्टिस्टांच्या संघटनेने अशा पेस्टविरुद्ध उघड भूमिका घेतली. जंतूंना मारणारं द्रव्य माणसाच्या पेशींना आपोआप वगळत नाही, हे मी विद्यार्थ्यांना याच उदाहरणावरून सांगते.

आमच्या कामाला लागतात एल-929 नावाच्या पेशी. 1940च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये विल्टन अर्ल यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या संयोजी ऊतीपासून हा वंश सुरू झाला, आणि तो आजही वाढतो आहे. भारतातल्या प्रयोगशाळांना तो पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून मिळतो. निरोगी पेशी बाटलीच्या तळाला चिकटून पसरते, दोन्ही टोकांना निमुळती होते. त्रास झाला की ती गोल होते, तळ सोडते आणि तरंगायला लागते. आकडे यायच्या आधी मी नेहमी मायक्रोस्कोपला डोळा लावते, कारण पेशींची तब्येत आधी त्यांच्या आकारात दिसते.

सीलर थेट पेशींवर ओतत नाहीत. त्याची चकती 37 अंशांवर पोषक द्रवात ठेवतात. चहापत्तीचा अर्क पाण्यात उतरावा तसं सीलरमधलं जे सुटण्याजोगं असतं ते द्रवात उतरतं, आणि तो अर्क पेशींना देतात. द्रवात फिनॉल रेड हे दर्शक मिसळलेलं असतं: आम्ल वाढलं की पिवळं, अल्कली वाढली की गडद गुलाबी. कॅल्शियमवाल्या सीलरचा ताजा अर्क काढला की हा गुलाबी रंग डोळ्यांत भरतो. पेशींची काय गत होणार याची कल्पना तिथेच येते.

दुसऱ्या दिवशी एमटीटी चाचणी. टिम मॉसमन यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही जगभर चालते. छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये पिवळा द्राव घालून ती पुन्हा इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. ज्या पेशींचा चयापचय चालू आहे त्या पिवळ्या द्रव्याचं जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. मायक्रोस्कोपखाली हे स्फटिक सुयांसारखे पेशीपेशीतून उगवलेले दिसतात. मग वरचा द्रव जपून काढायचा, स्फटिक विरघळवायचे आणि रंगाची गडदता मशीनवर मोजायची. नुसत्या द्रवातल्या पेशींच्या तुलनेत रंग 70 टक्क्यांच्या खाली गेला, तर मानक त्या अर्काला पेशीघातक म्हणतं.

पण त्या आकड्याला अर्थ येतो तो शेजारच्या खळग्यांमुळे. एका रांगेत हमखास मारणारं द्रव्य असतं, दुसऱ्या रांगेत हमखास निरुपद्रवी असलेलं पॉलिथिलीन. तिसऱ्या रांगेत पेशी नसलेला नुसता अर्क ठेवतात, कारण काही द्रव्यं स्वतःच पिवळ्याचं जांभळं करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. मारणाऱ्या रांगेत पेशी जगल्या किंवा पॉलिथिलीनच्या रांगेत मेल्या, तर मधल्या सीलरचा आकडा कितीही मनासारखा आला तरी ती प्लेट बाद. ही शिस्त मला या कामात सगळ्यात मोलाची वाटते. आपल्याला हवं ते उत्तर मिळालं म्हणून ते खरं मानायचं नाही.

एमटीए या सिमेंटने तर प्रश्न विचारण्याची रीतच शिकवली. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी ते विकसित केलं. 1993पासून त्यावरचे शोधनिबंध येऊ लागले. बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटशी त्याचं जवळचं नातं आहे. मिसळताना त्याचा पीएच 10.2 असतो आणि तीन तासांत 12.5 वर जातो. असा ताजा, न पातळ केलेला अर्क प्लेटमधल्या पेशींना झेपत नाही. शरीरात मात्र त्याच सिमेंटला लागून ऊती बरी होते, आणि मुळाच्या टोकावर त्याच्याच पृष्ठभागावर नवं सिमेंटम, म्हणजे मुळावरचं नैसर्गिक आवरण, तयार झालेलं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. यात विसंगती नाही. प्लेटमध्ये रक्त वाहत नाही; सुटलेली अल्कली वाहून न्यायला किंवा सौम्य करायला तिथे काही नाही. शरीरात ती जागच्या जागी निवते. म्हणून आम्ही अर्क टप्प्याटप्प्याने पातळ करतो, आणि ताज्या मिश्रणासोबत एक दिवसाचं आणि आठवड्याचं घट्ट झालेलं मिश्रणही तपासतो. पहिल्या तासांत जहाल असलेलं द्रव्य आठवड्याने निवळतं की नाही, ही माहिती एका आकड्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

प्लेटवर न सुटणारे प्रश्न उंदरांपर्यंत जातात. सीलर भरलेली बारीक नळी त्वचेखाली ठेवून आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी भोवतालची ऊती बघतात. सुरुवातीला सूज येतेच. ती ओसरून भोवती तंतूंचं पातळ आवरण बनतं की तशीच धुमसत राहते, हे पाहायचं असतं. रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये प्राण्यांचा वापर टाळण्याची, कमी करण्याची आणि त्यांचा त्रास घटवण्याची तत्त्वं मांडली. नीतिमत्ता समितीपुढे जाण्याआधी मी स्वतःला विचारते, हे पेशींवर ठरण्यासारखं होतं का? ठरण्यासारखं असेल तर उंदीर मागायचा हक्क मला नाही.

प्रयोगशाळेतून खुर्चीपाशी येताना मी एवढं सोबत आणते: जवळजवळ प्रत्येक सीलर ओला असताना जास्त जहाल असतो. म्हणून मुळाची लांबी एपेक्स लोकेटरने आणि एक्सरेने दोन्हीकडून पक्की करायची, सीलर बेताचाच लावायचा, आणि खालच्या दाढांपाशी विशेष जपायचं, कारण तिथे ओठाला संवेदना देणारी नस मुळांच्या अगदी जवळून जाते. कंपनीच्या पत्रकात ‘जैवसुसंगत’ एवढाच शब्द असेल, तर तो मला पुरत नाही. ताजं तपासलं की घट्ट झालेलं, अर्क कितपट पातळ केला, कुठल्या पेशी वापरल्या, कशाशी तुलना केली, हे मी विचारते, आणि तरुण सहकाऱ्यांनीही विचारावं असं मला मनापासून वाटतं. पेशंटला हे प्रश्न माहीत नसतात. त्याच्या वतीने ते विचारायचे आपणच, आणि तेही द्रव्य मुळात जाण्याआधी.