लेकीच्या साखरपुड्याचे फोटो आणि माझा एक फोन



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण गोड आहे. माझ्या लेकीचं लग्न ठरलं. सुपारी फुटली, साखरपुड्याची तारीख निघाली आणि घरात याद्यांची वही उघडली गेली. त्या वहीत हळद, नारळ, आहेर यांच्या बरोबरीने एक नवी ओळ होती : ‘फोटोग्राफर’. आमच्या वेळी ही ओळ बाबांच्या वाट्याची असायची. गावातल्या स्टुडिओत जाऊन तारीख सांगून यायचं, झालं काम. आता मात्र लग्नाच्या हॉलइतकाच विचार या ओळीचा करावा लागतो.

त्यात लेकीची आणि जावईबापूंची इच्छा, की साखरपुड्याआधी दोघांचे थोडे फोटो काढावेत. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, लगेच कपाळाला आठ्या घातल्या. त्यांचंही चूक नाही. प्री-वेडिंगच्या नावाखाली जे काय चालतं ते आपण पाहतोच, आणि काही ठिकाणी तर समाजाने त्यावर बंदीचे ठरावही केले आहेत. शेवटी घरात बसून ठरवलं : परगावी जायचं नाही, अंगभर साधे कपडे, बरोबर दोन्ही घरचं कोणीतरी मोठं माणूस, आणि सगळं एका सकाळीत आटपायचं. अक्का म्हणाल्या, “मग चालंल. मीबी येते.”

आता जे सांगायचं आहे ते थोडं अवघड आहे. माझ्या लेकीला कोड आहे. नववीत असताना डाव्या हाताच्या बोटांवर पहिला ठिपका आला. आता दोन्ही हातांवर, मानेवर आणि ओठाच्या कडेला आहे. कोड म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्या जागी उरत नाहीत, इतकंच. ते शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. पहिल्या भेटीतच तिने स्वतः हात पुढे करून जावईबापूंना दाखवलं होतं. विहीणबाईंनाही सगळं माहीत होतं. म्हणजे लपवण्यासारखं काही नव्हतंच. तरीही माझ्या मनाचा एक कोपरा घाबरलेला होता. त्यांच्या लांबच्या नातेवाइकांत फोटो फिरतील, कोणी मोठा करून बघेल, कोणी काही बोलेल.

पहिल्यांदा गेलो ते एका मोठ्या स्टुडिओत. काचेचं दार, भिंतीवर दारापेक्षा मोठे फोटो. त्यांनी पॅकेजचा कागद पुढे केला : ड्रोन, धूर सोडणाऱ्या रंगीत कांड्या, कबुतरं उडवायची, सूर्यास्ताला शेवटचा फोटो. कबुतरांना मी लगेच नाही म्हटलं. पिंजऱ्यात आणून फोटोपुरतं उडवायचं, यात कसली आली स्वातंत्र्याची खूण? सूर्यास्ताचंही अडलं. जानेवारीत आमच्याकडे सव्वासहाच्या पुढेमागे दिवस मावळतो आणि आमच्या घरी त्याआधी जेवणं उरकलेली असतात. ते म्हणाले, “एक दिवस उशिरा जेवलं तर काय होतंय?” मी काही बोलले नाही. मग त्यांची नजर लेकीच्या हातांकडे गेली आणि ते मला म्हणाले, “काळजी करू नका काकू, फोटोत सगळं गायब करतो.”

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला तेव्हा हायसं वाटलं. लेक मात्र स्कूटरवर मागे बसून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. जिना चढताना एवढंच म्हणाली, “आई, यांच्याकडे नको.” मी पैशाचं कारण पुढे करून हो म्हटलं.

दुसरा ओळखीतला होता, स्वस्त होता, पण काहीही लिहून द्यायला तयार नव्हता. “घरचंच कार्य आहे की” म्हणत राहिला. घरचं कार्य म्हणूनच तर लिहून हवं.

तिसऱ्याचं नाव मैत्रिणीने सुचवलं. तरुण मुलगा, छोटं दुकान. त्याने आधी चहा मागवला, आम्ही गाळलेलं पाणी बरोबर आणलंय हे बघून ग्लास विसळून दिले आणि मग विचारलं, “ताई, तुम्हाला कसले फोटो आवडत नाहीत?” हा प्रश्न आधी कोणी विचारला नव्हता. लेक दहा मिनिटं बोलत होती.

त्याच्याकडून आणि या सगळ्या हिंडण्यातून मी जे शिकले ते ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवते. निवडक वीस फोटो बघून ठरवू नका. एका लग्नाचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा अल्बम मागा. त्यात जेवणाच्या पंगती, अंधारा हॉल, रडणारी पोरं कशी आलीत ते बघा. उन्हातला एखादा फोटो कोणालाही जमतो. ज्याच्याशी बोलताय तोच येणार की दुसऱ्याला पाठवणार, हे विचारा. फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर साठवणारा कॅमेरा आहे का ते विचारा, कारण कार्ड बिघडलं तर साखरपुडा परत करता येत नाही. किती फोटो नीट करून देणार, किती दिवसांत, आगाऊ रक्कम किती, उशीर झाला तर जादा आकार किती, तारीख बदलली तर काय, हे सगळं एका कागदावर सहीनिशी घ्या. आणि तुमचे फोटो ते स्वतःच्या जाहिरातीला वापरणार असतील तर मुलीला विचारूनच, हेही त्या कागदावर लिहा.

सगळं ठरलं. आणि त्याच रात्री, लेक झोपल्यावर, मी त्या मुलाला फोन केला. हळूच विचारलं, “तेवढे डाग काढता येतील ना?”

तो म्हणाला, “येतील काकू. दहा मिनिटांचं काम आहे. पण ताईंना विचारलंय का तुम्ही?”

मी “बघते” म्हणून फोन ठेवला. झोप लागेना म्हणून कपाटातून माझ्या लग्नाचा अल्बम काढला. 1995 सालचा, चिकट पानांचा, वर प्लास्टिकचा कागद. छत्तीस फोटोंचा एक रोल, असे तीन रोल झाले होते. मामा, मावश्या, काकी, चुलत भावंडं, अगदी हॉलचा वॉचमनसुद्धा एका फोटोत आहे. मी शोधत होते माझ्या आत्याला. आत्या कुठेच नव्हती.

आत्याला कोड आहे. तिचं लग्न झालं नाही. माझ्या लग्नाचे लाडू तिने वळले, रुखवताची शंकरपाळी तिने तळली, माझ्या हळदीची साडी तिने पिको करून आणली. आणि फोटोच्या वेळी ती स्वैपाकघरात होती. तिला कोणी ‘जा’ म्हटलं असेल असं नाही, पण ‘ये’ही कोणी म्हटलं नाही. मीही नाही. इतक्या वर्षांत हा अल्बम मी कितीदा चाळला, आणि ती त्यात नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. माणूसच फोटोतून काढलं गेलं होतं, आणि मी आता फोनवर तेच काम दहा मिनिटांत करून मागत होते.

आपण रत्नत्रय म्हणतो तेव्हा पहिलं नाव सम्यक् दर्शनाचं घेतो. जे जसं आहे तसं बघणं, तसं मानणं. देवळात मी ते रोज म्हणते, आणि माझ्याच पोटच्या पोरीकडे मला तसं बघता येत नव्हतं.

सकाळी चहा पिताना लेकीला सगळं सांगितलं. फोनचंही. तिला राग येईल असं वाटलं होतं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मला माहीत होतं. त्या स्टुडिओत तुझा चेहरा बघितला होता मी.” नंतर म्हणाली, “पिंपल आला तर काढ म्हणू या. तो आठ दिवसांनी जातोच. हे माझं आहे.” मी त्या मुलाला पुन्हा फोन केला. या वेळी फोन लेकीच्या हातात होता.

मग तयारीला लागलो. कोडाच्या जागी ऊन लवकर भाजतं आणि दुपारच्या उजेडात त्या जागा कॅमेऱ्यात नुसत्या पांढऱ्या फटक येतात, असं तो मुलगा म्हणाला. म्हणून सकाळची वेळ. रात्रीच्या जेवणाचा प्रश्नही त्यामुळे आपोआप सुटला. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास-दीड तास उजेड मऊ असतो, डोळे मिचकावे लागत नाहीत आणि गर्दीही नसते. कपड्यांचं म्हणाल तर बारीक रेघांचे आणि अगदी बारीक चौकड्यांचे कपडे टाळायचे, फोटोत ते लहरल्यासारखे दिसतात. भडक पोपटी, भडक गुलाबी रंगाची झाक चेहऱ्यावर पडते. दोघांनी एकच रंग घालायची गरज नाही, एकमेकांशेजारी बरे दिसले म्हणजे झालं. रेशीम आम्ही वापरत नाही. लेकीने अक्कांची सुती इरकल काढली, जावईबापूंनी पांढरा सदरा. साडी आदल्या रात्री नेसून, बसून, चालून बघितली. कुठे टोचतं, कुठे सुटतं, ते घरीच कळलेलं बरं. एका पिशवीत सेफ्टी पिना, कंगवा, रुमाल, सपाट चपला आणि उन्हाचं मलम. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

जागा ठरली हरिपूरची. सांगलीपासून अगदी जवळ, जिथे वारणा कृष्णेला मिळते. हळदीच्या पेवांसाठी हे गाव ओळखलं जातं. जमिनीखाली खोल पेवांत वर्षानुवर्षं हळद साठवायची पद्धत इथे होती. लग्नाच्या फोटोंना हळदीचं गाव, अक्कांना हे फार पटलं.

पहाटे आधी देवळात गेलो. तिथे कॅमेरा पिशवीतच राहिला, दर्शन ते दर्शन. मग घाटावर. पाण्यावर धुकं होतं. पहिली दहा मिनिटं दोघं शाळेच्या फोटोला उभी राहिल्यासारखी ताठ. त्या मुलाने कॅमेरा खाली केला आणि म्हणाला, “तुम्ही पहिल्यांदा काय बोलला होता ते आठवा, मी जरा लेन्स पुसतो.” तो लेन्स पुसतच नव्हता, हे मला नंतर कळलं. जावईबापू काहीतरी पुटपुटले, लेक हसली आणि तिने सवयीने तोंडावर हात नेला. तोच हात, तीच बोटं. तो फोटो आता आमच्या दिवाणखान्यात आहे.

आत्याला मी आदल्या दिवशीच घेऊन आले होते. “मला कशाला गं फोटोत, म्हातारीला,” असं तिचं सकाळपासून चालू होतं. लेकीने तिच्या हाताला धरून पायरीवर शेजारी बसवलं. आत्याने फोटो येईपर्यंत पदर ओढून दोन्ही हात झाकून घेतले. फोटोवाल्या मुलाने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. पदर काढ म्हणून आम्ही तिला सांगितलं नाही. सत्तर वर्षांची सवय एका सकाळीत कशी जाईल? पण ती फोटोत आहे. मधोमध आहे.

साखरपुडा झाला. फोटो नातेवाइकांत फिरले. कोणी मोठे करून बघितलेही असतील. एका बाईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “फोटोत काढता आलं असतं की हो?” मी म्हटलं, “आलं असतं. पण तिला नको होतं.” एवढं बोलायला मला बरीच वर्षं लागली.

तुमच्या घरी कार्य असेल तर फोटोग्राफरला दहा प्रश्न जरूर विचारा. वर दिलेत ते वहीत उतरवून घ्या. पण त्याआधी एक प्रश्न मुलीला विचारा : तुला कसं दिसायचं आहे? आणि ग्रुप फोटोला सगळे उभे राहिले की एकदा स्वैपाकघरात डोकावून या. कोणी राहिलं तर नाही ना.