कायद्याची पदवी नसलेले जज्जसाहेब

तालुक्याच्या कोर्टात मी पंचवीस वर्षे वकिली केली. त्यामुळे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन एके काळी काउंटी कोर्टाचे जज्ज होते, असे वाचनात येताच मी सवयीने त्यांची कायद्याची पदवी शोधू लागलो. ती नव्हतीच! दोन वर्षे रात्रीच्या वर्गाला जाऊन त्यांनी ते शिक्षण अर्धवट सोडले होते.

गंमत अशी, की मिसूरी राज्यातले त्या काळचे काउंटी कोर्ट खटले चालवीतच नसे. रस्ते, पूल, कर यांचा कारभार पाहायचा आणि मते मागून निवडून यायचे. आपली जिल्हा परिषदच म्हणा ना! ट्रूमन मूळचे शेतकरी. पहिल्या महायुद्धात तोफखान्याचे कॅप्टन झाले, परत येऊन कॅन्सस सिटीत कपड्यांचे दुकान काढले, ते १९२२ साली बुडाले. त्याच वर्षी ते जॅक्सन काउंटीचे जज्ज म्हणून निवडून आले. १९२४ मध्ये पडले. १९२७ पासून मात्र आठ वर्षे मुख्य जज्ज होते.

निवडून आणणारा होता टॉम पेंडरगास्ट, शहराचा बडा पुढारी. त्याचा स्वतःचा काँक्रीटचा धंदा! १९२८ मध्ये रस्त्यांसाठी पासष्ट लाख डॉलरचे कर्ज मतदारांनी मंजूर केले, तेव्हा त्याच्या गोतावळ्यातले कंत्राटदार मिटक्या मारू लागले. ट्रूमननी कामे दिली ती सर्वांत कमी बोलीवाल्याला. रस्तेही चांगले झाले.

एवढ्यावर गोष्ट संपती, तर मी ती लिहिलीही नसती. नोकऱ्या मागणाऱ्यांचा ससेमिरा चुकवून हे गृहस्थ पिकविक हॉटेलच्या खोलीत जाऊन बसत आणि कागदावर मन मोकळे करीत. कर्जाची रक्कम वाचावी म्हणून बॉसच्या एका दोस्ताला आपण काउंटीच्या तिजोरीतले सुमारे दहा हजार डॉलर खाऊ दिले, हे तिथे त्यांनी स्वहस्ते लिहून ठेवले आहे. योग्य केले की गुन्ह्याला हातभार लावला, हे त्यांचे त्यांनाच उमगले नाही. माझ्यातला वकील म्हणतो, गुन्हाच. पण असा कबुलीजबाब कोणी न विचारता लिहिणारा पक्षकार मला उभ्या आयुष्यात भेटला नाही.

१९३४ मध्ये ते सिनेटवर गेले, तेही पेंडरगास्टच्याच पाठबळावर. पुढे प्राप्तिकर चुकवल्याबद्दल १९३९ मध्ये पेंडरगास्ट तुरुंगात गेला. जानेवारी १९४५ मध्ये तो वारला, तेव्हा ट्रूमनना उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेऊन आठवडाही झाला नव्हता. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता ते अंत्यविधीला गेले.