थंड इंजिन, खारा वारा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि तीत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. या इंजिनाचं सगळं बळ दाबात आहे. वय झालं की तोच ओसरू लागतो. जुनी डिझेल गाडी पाहायला म्हणूनच सकाळी जावं, आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तापलेलं इंजिन आपली दुखणी झाकतं. बॉनेटवर तळहात टेकवून ते गार असल्याची खात्री करावी, मगच किल्ली फिरवावी.

किल्ली अर्धी फिरली की डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तो सिलिंडर तापवणाऱ्या ग्लो प्लगचा. दिवा विझल्यावर स्टार्टर मारला की निरोगी इंजिन लगेच पकडतं, सुरुवातीची खडखड थोड्या वेळात बसते. मीरा-भाईंदरच्या उबदार हवेत ग्लो प्लग निकामी असले तरी बऱ्याच गाड्या सुरू होतात. त्यामुळे इथे स्टार्टर रेंगाळला तर ते जास्त गंभीर धरावं. दुखणं इंजेक्टरचं किंवा थेट कॉम्प्रेशनचं असू शकतं. एकाने त्या वेळी सायलेन्सरमागे उभं राहावं. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही आणि कूलंटची पातळी उतरत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

पुढची तपासणी साधी आहे, पण तिच्याइतकं खरं बोलणारी दुसरी नाही. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सोडवून त्याच जागी उलटं ठेवायचं. ते किंचित थरथरत बसून राहिलं तर ठीक. भोकातून धुराचे झोत येऊन झाकण उडू लागलं, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि वरचा दाब खाली गळतो आहे. गॅरेजमधली माणसं याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. अशी गाडी कितीही स्वस्तात मिळत असली तरी सोडून द्यावी. इंजिन उघडण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. काडीवरचं ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नये. डिझेल गाडीत ते बदलल्यावर काही दिवसांतच काळं होतं. दुधाळ रंग वाईट, आणि खुणेच्या वर चढलेली पातळीही वाईट, कारण त्यात डिझेल मिसळलेलं असू शकतं.

दहा-बारा वर्षांच्या छोट्या डिझेल गाड्यांमध्ये बरेचदा एकाच इंजिनाशी गाठ पडते: फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांत ते आढळतं. रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. या इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे. ऑइल वेळेवर बदललं नसेल तर साखळी सैल पडते आणि थंड इंजिन सुरू होताना तिची खुळखुळ ऐकू येते.

किलोमीटरचा आकडा इथे फसवा ठरतो, आणि तो मागे फिरवला गेलेला नसतानाही. मीरा रोड स्टेशनपर्यंत रोज दोन-तीन किलोमीटर जाणारी, उरलेला वेळ घोडबंदरच्या कोंडीत पहिल्या गिअरमध्ये रांगणारी गाडी कमी चाललेली असूनही थकलेली असते. इंजिन पुरतं तापतच नाही, धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी बसते, क्लच झिजतो. दर गणपतीला आणि शिमग्याला कोकणात गेलेली, दीड लाख किलोमीटरची गाडी तिच्याहून उजवी निघू शकते. आकड्याची शहानिशा सर्व्हिसच्या नोंदींवरून करावी. पेडलचं झिजून गुळगुळीत झालेलं रबरही पुरेसं सांगतं.

मग पत्रा. एकीकडे वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं: या गावाच्या हवेतच मीठ आहे. वरचा रंग चकचकीत असला तरी दारांच्या खालच्या कडा, स्टेपनीखालचा खळगा आणि गाडीखालच्या ब्रेकच्या नळ्या टॉर्चने पाहाव्यात. त्यात पावसाळ्यात इथल्या सखल भागांत पाणी तुंबतं. बुडालेली गाडी धुऊन, सुगंध मारून विकायला उभी करता येते. पण सीटबेल्ट शेवटापर्यंत बाहेर ओढला की त्याच्या आतल्या टोकाशी गढूळ पाण्याची तपकिरी रेघ दिसते. तिथवर सहसा कोणाचा हात पोचत नाही. सीटखालच्या रुळांवरचा गंजही तीच साक्ष देतो.

चालवून पाहताना सपाट रस्ता पुरत नाही. काशिमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या चढाला लागावं. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांच्या आसपास टर्बोचा जोर लागला पाहिजे. इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तर क्लच सरकतो आहे. उत्तनच्या वळणांवर आणि खड्ड्यांत काचा खाली करून ऐकलं की सस्पेन्शनमधल्या बुश आणि लिंक रॉडची खटखट लपत नाही.

शेवटी कागद. इथल्या जुन्या गाड्यांवर ठाण्याचा एमएच-०४ असतो; मीरा-भाईंदरला एमएच-५८ हा स्वतःचा क्रमांक २०२५ मध्ये मिळाला. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडून आलेली गाडी समोर आली, तर ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्रातल्या कराची पावती आधी मागावी. आरसीवरचा चेसी नंबर पत्र्यावरच्या सतरा अक्षर-अंकांशी एकेक करून जुळवावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हवा. नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, तेव्हा किती वर्षं उरली आहेत ते भाव करण्याआधीच पाहावं. थकलेली चलानं ऑनलाइन दिसतात; ती विकणाऱ्याकडून भरून घ्यावीत. गाडी ताब्यात आल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यावा लागतो.