टिकटिक

दांडेलीहून जोयड्याकडे जाताना गणेशगुडी लागते. येथे काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण उभे आहे. ज्या सुपा गावाने त्याला नाव दिले, ते गाव मात्र त्याच्याच पाण्याखाली गेले. गेल्या हिवाळ्यात, दिवस कलता कलता, या गणेशगुडीत आमची गाडी बंद पडली.

'आमची' म्हणणे ही अतिशयोक्तीच होय. गाडी आमच्या स्नेह्यांची. सत्तरच्या दशकातली, दोन आसनांची, उघड्या टपाची विलायती गाडी. आम्ही शेजारच्या आसनावरचे ओझे.

मागे एका खड्ड्यात चाक सणकून आदळले होते. त्यानंतरही गाडी काही अंतर सुरळीत चालली, म्हणून तो खड्डा आम्ही विसरून गेलो. मग इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झाले. स्नेह्यांनी किल्ली फिरवली व कान देऊन बसले. या गाडीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप मागच्या बाजूला असतो आणि किल्ली चालू होताच घड्याळासारखा टिकटिक करू लागतो. आज ती टिकटिक नव्हती.

जवळच्या पंक्चरच्या दुकानातले मेस्त्री आले. त्यांनी फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. पंपाच्या तारेला टेस्ट लॅम्प लावला, दिवा लागेना. म्हणजे पंप निर्दोष, वीजच तिथवर पोचत नव्हती. तारेचा माग काढीत ते एका लहानशा डबीपाशी थांबले.

"साहेब, हीच अडवतेय. डायरेक्ट करून देतो. दोन मिनिटांचं काम."

"करा," आम्ही तत्काळ म्हणालो. अंधार पडू लागला होता आणि पुढे अणशीचा घाट होता.

"नको," स्नेही म्हणाले. इतक्या हळू, की मेस्त्रींचा पक्कड धरलेला हात जागीच थांबला.

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. अशा बहुतेक डब्यांत एक पोलादी गोळी लोहचुंबकाने धरून ठेवलेली असते. जबर धक्का बसला की गोळी सुटते, खटका पडतो आणि पंपाची वीज तुटते. कार्बुरेटरच्या वाटीत उरलेले पेट्रोल संपेपर्यंत गाडी धावते. म्हणून खड्डा एकीकडे आणि बंद पडणे दुसरीकडे. पण ही डबी हवी कशाला? कारण इंजिन बंद पडले तरी किल्ली चालू असेतो असा पंप चालूच राहतो. गाडी उलटलेली, नळी फाटलेली, चालक बेशुद्ध; आणि पंप इमानाने पेट्रोल ओतत राहतो. सत्तरच्या दशकातच बॉशच्या एल-जेट्रॉनिक पद्धतीत इंजिन हवा ओढत असेल तरच पंप चालावा अशी योजना आली. आजच्या गाड्यांत इंजिन फिरत असल्याचा संकेत थांबताच संगणक पंप बंद करतो. जुन्या गाडीची भिस्त मात्र या गोळीवर.

"थोरल्या बंधूंच्या गाडीतही अशीच डबी होती," ते म्हणाले. "वरचेवर अडवायची. एका रविवारी मीच डायरेक्ट करून दिली. त्यांनी मला शाबासकी दिली होती."

पुढचे त्यांनी सांगितले नाही. त्यांचे बंधू घाटातल्या अपघातात गेले, हे आम्हाला इतकी वर्षे ठाऊक होते. आगीचे ठाऊक नव्हते.

मेस्त्रींनी पक्कड खाली ठेवली. दोघांनी गाडीखाली वाकून पाहिले, वास घेतला, टाकीपासून इंजिनापर्यंत नळी हाताने चाचपली. कुठेही ओल नव्हती. मग स्नेह्यांनी डबीवरचे बटण दाबले आणि मागून टिकटिक सुरू झाली. बटण आधी दाबले असते तरी ती सुरू झालीच असती. पण बटण शेवटी दाबायचे असते, एवढे आम्ही त्या संध्याकाळी शिकलो. आणि धक्क्यावाचून ती डबी पुन्हा अडवू लागली, तर नवी बसवायची; तिला वगळून तार जोडायची नाही.

मेस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. "काम कुठं केलं?" म्हणाले.

घाटात दोघेही फारसे बोललो नाही. वाटेत एके ठिकाणी चहासाठी थांबलो. निघताना स्नेह्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू करण्याआधी क्षणभर तसेच बसून राहिले. आम्हीही कान दिला.