खिडकीतले बिऱ्हाड

बिऱ्हाड करणे ही मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. दुसऱ्याच्या घरात दोन खोल्या घ्याव्यात, आपली चूल मांडावी आणि मालकाची पावले वाजली की आवाज खाली आणावा. मी मात्र गेल्या वर्षी असे एक बिऱ्हाड थाटले, की त्याला ना खोली लागली ना पागडी. ते आमच्या घरच्या लॅपटॉपवरील विंडोजच्या पोटात आहे आणि त्यात राहणाऱ्याचे नाव लिनक्स.

कला शाखेच्या, त्यातही भाषाविज्ञान घेतलेल्या मुलीला हा उपद्व्याप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण आजी. आजी मालवणकडची. तिच्या गोष्टी मी तिच्या हयातीतच फोनवर मुद्रित करून ठेवल्या होत्या; ती गेल्यावर त्या टंकून काढल्या. तिच्या बोलण्यात कोणता शब्द किती वेळा येतो, हे मला मोजायचे होते. हाताने मोजत बसले असते तर पदवी हाती आली असती, पण यादी नसती आली! लिनक्समध्ये या कामासाठी लहान लहान आज्ञा आहेत. एक शब्दांना एकेका ओळीवर बसवते, 'सॉर्ट' त्यांना क्रमाने लावते, 'युनिक' सारखे शब्द एकत्र करून मोजते. एकीने पाटी भरायची आणि दुसरीच्या डोक्यावर द्यायची, असा तो सारा मामला.

परंतु घरात यंत्र एकच, आणि त्यावर पहिला हक्क ताईचा. ती चार-पाच दुकानदारांचे हिशेब टॅलीवर लिहिते. टॅली विंडोजवर चालते. आणि दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटीचे विवरणपत्र जायलाच हवे. आमच्या घरखर्चाचा मोठा वाटा त्या हिशेबांतून निघतो, माझी फीसुद्धा. "अगं, तुला काय करायचं ते कर, पण माझं विंडोज जागचं हलता कामा नये," असे तिने बजावले. डिस्कची वाटणी करून दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी नांदवता येतात खऱ्या. पण वाटण्यांचे पुढे काय होते, हे आपल्याकडे कोणास ठाऊक नाही?

तेव्हा तोडगा निघाला तो आभासी यंत्राचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचा. कल्पना तशी जुनी. १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० नावाची व्यवस्था आणली. एका अवाढव्य यंत्रावर अनेक जण काम करीत आणि प्रत्येकाला वाटे, सारे यंत्र आपलेच. लिनक्सचा तेव्हा पत्ताही नव्हता. हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो लिहिला १९९१ साली. या शास्त्रात मूळ व्यवस्थेला यजमान म्हणतात आणि आतल्या व्यवस्थेला पाहुणा. (हे त्या शास्त्राचेच शब्द आहेत, माझे लालित्य नव्हे.)

मी व्हर्च्युअलबॉक्स घेतले आणि त्यात उबुंटू वसवला. यंत्राच्या आठ जीबी स्मृतीतील चार पाहुण्याला दिली आणि डिस्क दिली २५ जीबीची. ही डिस्क म्हणजे विंडोजच्या लेखी केवळ एक फाइल. आरंभी ती लहान असते, सामान येईल तशी फुगते. मात्र आतले सामान टाकून दिले तरी आपणहून आटत नाही. पाहुणा जागा असला की यजमानाला धाप लागते, पंखा घरघरू लागतो. म्हणून महिन्याच्या १५ तारखेपासून २० तारखेपर्यंत मी त्याला निजवूनच ठेवते.

गंमत अशी, की आपण बिऱ्हाडकरू आहोत हे या पाहुण्याला पक्के ठाऊक असते. तुझे यंत्र कोणी बनवले, असे त्याला विचारा. तो सांगतो, 'इनोटेक'. व्हर्च्युअलबॉक्स मुळात या जर्मन कंपनीचे. तिला २००८ मध्ये सन कंपनीने घेतले, सनला २०१० मध्ये ओरॅकलने. मालक दोनदा बदलले, दारावरची पाटी तीच!

एका रविवारी मी मुद्दाम पाहुण्याचे सारे घर मुळापासून पुसून टाकण्याची आज्ञा दिली. तत्पूर्वी त्याचा स्नॅपशॉट घेतला होता आणि दोन्ही घरांमधला सामाईक फोल्डर बंद केला होता. तो उघडा राहता तर पुसणारा हात त्या दारातून ताईच्या बाजूलाही गेला असता. बघता बघता पाहुण्याची खिडकी खुळी झाली, मग काळी. बाहेर टॅली शांतपणे चालू होती. मी स्नॅपशॉटकडे परतण्याची कळ दाबली आणि काही क्षणांत पाहुणा, जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने, पुन्हा उभा! ताई बाजूलाच उभी होती. "हे तू माझ्या हिशेबांसमोर करून बघितलंस?" एवढेच ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तिने पाहुण्याला हरकत घेतली नाही.

मोजणीत सर्वांत वर आला तो 'मगे'. आजीची गोष्ट श्वासागणिक 'मगे' म्हणत पुढे सरके. पुढे एक विचित्र प्रकार दिसला: 'दुसऱ्या' हा शब्द यादीत दोन ठिकाणी, दोन वेगळ्या आकड्यांसह! डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे. शोध घेता कळले, की युनिकोडमध्ये आपला हा आडवा रफार दोन रीतींनी लिहिता येतो. माझ्या काही गोष्टी फोनवर टंकलेल्या, काही लॅपटॉपवर. माणसाला एकच दिसणारा शब्द यंत्राला दोन. मी हे ताईला सांगितले, तर तिला त्यात नवल वाटेना.

"एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती उघडली गेलीत, दुसरं काय! एक रीत धर, सगळं त्यात वळव आणि बेरीज ताळून बघ."

तसे केले. बेरीज जुळली. ताई खुर्ची ओढून शेजारी बसली आणि जरा वेळाने म्हणाली, "त्यात 'बाय' किती वेळा आलंय, बघ ना." गोष्ट सांगता सांगता आजी तिला मध्येच तशी हाक मारी, तीही मी जशीच्या तशी टंकली होती. मी आज्ञा दिली. ६७ वेळा.

ताईने तो आकडा आपल्या हिशेबाच्या वहीच्या कोपऱ्यात टिपून घेतला. मग मला म्हणाली, "आता निजव त्याला. १६ तारीख आहे."